गाडी घेण्यापूर्वीं पांदण पाहावी

गेल्या पांच-सहा वर्षांत अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील सधन शेतकऱ्यांच्या दारांत ट्रॅक्टरच्या शेजारीं उंच बांध्याच्या व जाड टायरांच्या मोटारगाड्या उभ्या राहूं लागल्या आहेत. महिंद्र कंपनीची थार, मारुतीची जिम्नी, फोर्स कंपनीची गुरखा आणि आपली जुन्या ओळखीची बोलेरो, या चार नांवांची चर्चा बाजार समितीच्या आवारांत, पानाच्या टपरीवर आणि लग्नाच्या मांडवांतहि ऐकूं येते. "कोणती घ्यावी?" असें जो तो विचारतो, परंतु "ती कोठें न्यावयाची आहे?" असें विचारणारा क्वचितच आढळतो. आमच्या मतें या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावांचून पहिल्याचें उत्तर देतां येत नाहीं. यास्तव हा विषय शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

हीं वाहनें ज्या वंशांतलीं, त्या जीपचा जन्मच मुळीं अशा तुलनेंतून झाला. १९४० सालीं अमेरिकेच्या लष्करानें टेहळणीसाठीं चारी चाकांनीं ओढणाऱ्या हलक्या गाडीच्या निविदा मागविल्या, तेव्हां वजन किती असावें, माणसें किती बसावींत व ओझें किती न्यावें या अटी प्रथम कागदावर मांडल्या. नंतर बँटम, विलीज व फोर्ड या तीन कारखान्यांच्या गाड्या खाचखळग्यांतून चालवून पाहिल्या. पहिली गाडी बँटमनें करून दिली. परंतु विलीजचें एंजिन अधिक जोरदार निघालें आणि मोठें काम तिच्याकडे गेलें. आपल्या देशांत १९४७ सालापासून महिंद्रांनीं हीच विलीज जीप जुळविण्यास आरंभ केला. पुढें १९८५ सालीं मारुतीची जिप्सी आली. ती तीस वर्षांहून अधिक काळ निघत होती, व मेळघाटच्या जंगलांत पर्यटकांना फिरवितांना ती अनेक वाचकांनीं पाहिली असेल. तात्पर्य इतकेंच कीं, तेथें गिऱ्हाइकानें गरज आधीं ठरविली आणि गाडी मागाहून निवडली. आपण मात्र बहुधा गाडी आधीं पसंत करतों आणि तिच्याजोगी गरज मागाहून शोधीत बसतों.

आतां मापें पाहूं. कंपन्यांनीं दिलेल्या आंकड्यांप्रमाणें जिम्नीची रुंदी १६४५ मिलिमीटर, म्हणजे सुमारें ५ फूट ५ इंच. बोलेरोची १७४५, म्हणजे ५ फूट ९ इंच. तीन दारांच्या थारची १८२०, म्हणजे जवळजवळ ६ फूट. आणि २०२४ सालच्या गुरखाची १८६५, म्हणजे ६ फूट १ इंच. गाडीच्या पोटाची जमिनीपासून उंची बोलेरोची १८० मिलिमीटर, जिम्नीची २१०, थारची २२६ व गुरखाची २३३. वजनांत जिम्नी सर्वांत हलकी, सुमारें १२ क्विंटल. फोर बाय फोर थार १७ क्विंटलांच्या वर जाते, आणि गुरखा तिच्याहूनहि जड आहे. जिम्नी केवळ पेट्रोलवर चालते. ज्याच्या घरीं ट्रॅक्टरसाठीं डिझेलची टाकी नेहमीं भरलेली असते, त्यानें हें ध्यानांत घ्यावें. गुरखा केवळ डिझेलवर चालते. थार दोन्ही प्रकारांत मिळते.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. नांव थार असलें म्हणून गाडी चारी चाकांनीं ओढणारी असेलच असें नाहीं. जानेवारी २०२३ पासून केवळ मागचीं दोन चाकें ओढणारी थारहि विकली जाऊं लागली, आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजीं आलेल्या पांच दारांच्या थार रॉक्सचेहि दोन्ही प्रकार आहेत. बाहेरून पाहणाऱ्यास फरक कळत नाहीं, फसल्यावर कळतो. म्हणून पावतीवर काय लिहिलें आहे तें वाचल्याशिवाय बयाणा देऊं नये.

फोर बाय फोर म्हणजे कोठेंहि न अडणारी गाडी, हीहि एक गैरसमजूत आहे. साध्या डिफरन्शिअलचा धर्म असा कीं, आंसाच्या दोन चाकांपैकीं जें चाक घसरतें तेंच गरगर फिरूं लागतें आणि कोरड्यावर असलेलें चाक स्वस्थ राहतें. म्हणून एंजिनचा जोर दोन्ही आंसांवर गेला तरी पुढचें एक व मागचें एक अशीं दोन चाकें चिखलांत गेलीं कीं गाडी जागींच राहते. यावर उपाय लॉकचा. गुरखांत पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आंसांना लॉक आहे. थारच्या कांहीं प्रकारांत मागच्या आंसास आहे. जिम्नींत तो नसून घसरणाऱ्या चाकास ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे वळविण्याची योजना आहे. तिन्ही गाड्यांत डोंगरचढासाठीं लो गिअर आहे. मात्र ही चारी चाकांची ओढ कोरड्या डांबरी सडकेवर लावून ठेवावयाची नसते. तशी ठेवल्यास टायर झिजतात व गिअरवर ताण पडतो. अमरावतीपर्यंत रुबाबानें फोर बाय फोर लावून जाणाऱ्या तरुणांना हें कोणी तरी सांगितलें पाहिजे.

परंतु एवढ्यावरून "जिच्यांत लॉक अधिक ती श्रेष्ठ" असा निकाल देतां येत नाहीं. कारण आपली जमीन निराळी आहे. वऱ्हाडच्या काळ्या मातीचा गुण असा कीं, पाणी मिळतांच ती फुगते आणि वाळली म्हणजे आकसून भेगाळते. वैशाखांत ज्या पांदणींत हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच पांदण मृगाच्या दोन पावसांनंतर लोण्यासारखी मऊ व डिंकासारखी चिकट होते. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत, म्हणजे दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या बाजूंस, ही माती फार खोल आहे, तींत चिकण अंश निम्म्याहून अधिक आहे आणि पाण्याचा निचरा अत्यंत मंद आहे. डोंगरावर गाडी अडते ती बहुधा जोर कमी पडून. आपल्या रेगडींत ती अडते टायर भरून. थोडें अंतर जातांच टायरच्या खांचा मातीनें बुजतात व चाक म्हणजे एक गुळगुळीत गोळा होऊन बसतो. तशीं दोन चाकें फिरलीं काय किंवा चार फिरलीं काय, खड्डा खोल करण्यापलीकडे त्यांच्याकडून कांहीं होत नाहीं. शिवाय गाडी जितकी जड तितकी ती अधिक रुतते.

त्याच पांदणींतून ट्रॅक्टर जातो याचें कारण केवळ त्याचें अश्वबळ नव्हे. १३.६-२८ मापाचें त्याचें मागचें चाक उंच असतें, त्यावरील तिरप्या कडा चालतां चालतां माती बाहेर टाकतात, आणि तो सावकाश चालतो. तरीहि भर पावसांत तोहि फसतो, हें कोणा शेतकऱ्यास सांगावयास नको.

दुसरी गोष्ट चाकोरीची. सर्व बंड्या एकाच वाटेनें जात तेव्हां त्यांच्या चाकांतील अंतरहि बहुधा सारखेंच ठेवीत. आतां पांदणींत जी खोल चाकोरी पडते ती ट्रॅक्टर व ट्रॉलीची. जिम्नीच्या दोन चाकांतील अंतर सुमारें १४०० मिलिमीटर, थारचें सुमारें १५२०. हें अंतर चाकोरीशीं जुळलें नाहीं तर एक चाक खांचेंत व दुसरें वरंब्यावर अशी गाडी कलते. आणि जुळलें, पण चाकोरी फूटभर खोल असली, तर नऊ इंच उंचीची गाडी मधल्या वरंब्यावर पोट टेकून बसते. अशा वेळीं चारी चाकें अधांतरीं फिरत राहतात व शेवटीं बैलजोडी किंवा ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. म्हणून गाडी पाहावयास जाण्यापूर्वीं टेप घेऊन आपल्या पांदणीची रुंदी, चाकोरीचें अंतर व तिची खोली मोजावी. विक्रेत्याच्या पुस्तकांत हीं मापें सांपडत नाहींत.

आमच्या मतें या दोन जिल्ह्यांचे गाडीच्या दृष्टीनें तीन भाग पडतात. पहिला धारणी व चिखलदरा या मेळघाटांतील तालुक्यांचा, आणि कांहीं अंशीं पातूर व बार्शिटाकळीकडील डोंगराळ गांवांचा. येथें चढउतार आहेत, दगड आहेत, नाले आहेत. जमीन टणक असल्यामुळें चारी चाकांना पकड मिळते. येथें फोर बाय फोर आपली किंमत वसूल करून देते. अरुंद वाटेसाठीं व थोड्या माणसांसाठीं हलकी जिम्नी बरी. ओझें व खडतर चढ असेल तेथें थार किंवा गुरखा. थार ६५० व गुरखा ७०० मिलिमीटर पाण्यांतून जाते असें कंपन्या सांगतात, तें संथ पाण्याविषयीं आहे. पूर आलेल्या नाल्याचें पाणी गुडघाभर असलें तरी तें गाडीस बाजूस रेटतें. तेथें कोणत्याहि कंपनीचा आंकडा प्राण वाचवीत नाहीं.

दुसरा भाग वरुड, मोर्शी, चांदूर बाजार व अचलपूर या संत्र्याच्या मुलखाचा. बागाइतदारास बारमास वावरांत जावें लागतें. फवारणीचें पाणी, खताचीं पोतीं, संत्र्याचे क्रेट आणि मजूर हीं नेहमींचीं ओझीं. त्याच्यासाठीं आमचें मत थार, जिम्नी व गुरखा या तिन्हींच्या विरुद्ध व बोलेरो कॅम्परच्या बाजूनें आहे. ती पांच माणसें घेते व मागें सुमारें दहा क्विंटल माल वाहते; तिची दुरुस्ती करणारा मिस्त्री तालुक्याच्या गांवीं सांपडतो, तर गुरखाचीं दुरुस्तीगृहें मोजकींच आहेत. कॅम्परचा फोर बाय फोर प्रकारहि आहे; वाट नाल्यांतून जात असेल तर त्याची चौकशी करावी, नसेल तर साधी पुरे. मात्र तिची नोंद मालवाहू गाडी म्हणून होते, तेव्हां योग्यतेचा दाखला वेळोवेळीं घ्यावा लागतो आणि विमाहि निराळा असतो, हें विसरूं नये.

तिसरा भाग खारपाणपट्ट्याचा व खोल काळीच्या सर्व गांवांचा. येथें आमचा स्पष्ट सल्ला असा कीं, केवळ वावरांत जाण्याच्या आशेनें फोर बाय फोर घेऊंच नये. गांवापर्यंत डांबरी सडक असेल तर साधी बोलेरो किंवा कोणतीहि लहान मोटार पुरेशी आहे. आणि गांवापासून वावरापर्यंत जें चार महिने अडतें, तें या चारींपैकीं कोणत्याहि गाडीनें सुटावयाचें नाहीं.

ज्याचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें, त्याची नजर कराच्या आंकड्यांकडे आपोआप जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तु व सेवा कराचे जे नवे दर लागू झाले, त्यांत ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चार मीटर लांबीच्या व १५०० घनसेंटिमीटर डिझेल एंजिनच्या आंतील मोटारीस १८ टक्के कर आहे; बोलेरो व मागचीं चाकें ओढणारी लहान डिझेल एंजिनची थार यांत बसतात, आणि कॅम्परसारख्या मालवाहू गाडीसहि १८ टक्केच पडतात. फोर बाय फोर थार व गुरखा यांना मात्र ४० टक्के. पेट्रोल एंजिनची मर्यादा १२०० घनसेंटिमीटर असल्यामुळें जिम्नीहि त्यांतच जाते. म्हणजे शेतकरी जेव्हां ट्रॅक्टर घेतो तेव्हां मूळ किंमतीच्या दर शंभर रुपयांवर पांच रुपये देतो, आणि त्याच वावरांत जाण्याच्या नांवाखालीं ही गाडी घेतो तेव्हां चाळीस देतो. ऐपत असेल त्यानें ते खुशाल द्यावे. परंतु हिशेब पाहून द्यावे.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. जून २०२२ मध्यें अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यांत ७५ किलोमीटर लांबीचा अखंड डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला व त्याची नोंद गिनेस विक्रमांत झाली. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु त्या महामार्गावर धांवणारी गाडी गांवांत वळली आणि गांवापुढील पांदणीस लागली, कीं तिची गति बैलाहून कमी होते. परतीच्या पावसांत सोयाबीन कापून ढीग मारलेला असतो. पांदणींतून मळणीयंत्र आंत जाऊं शकत नाहीं. आणि डोळ्यांदेखत शेंगांना कोंब फुटतात. वावरांत सर्पदंश झालेल्या मजुरास खाटेवर घालून सडकेपर्यंत आणावें लागतें. हें नुकसान व हा धोका केवळ ज्याला गाडी घेतां येत नाहीं त्याचाच नाहीं. ज्यानें घेतली आहे त्याचेंहि सोयाबीन त्याच पांदणीच्या टोकाला पडलेलें असतें, आणि मळणीयंत्र कांहीं थारच्या टपावरून नेतां येत नाहीं.

इतकेंच नव्हे, तर जो जड गाडी भर पावसांत रेटून नेतो, तो स्वतः कदाचित् पलीकडे पोहोंचतो. पण मागें हातभर खोल चाकोऱ्या ठेवून जातो. त्यांत पाणी सांचतें, आणि दुसऱ्या दिवशीं निंदणास जाणाऱ्या बायांना व शेजाऱ्याच्या बंडीला ती वाट उरत नाहीं. एकाच्या सोयीनें दहांची वाट मोडावी हें न्यायाचें नाहीं.

उपाय मात्र आपल्या हातांतला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ अन्वयें धुऱ्यावरून वाजवी रस्ता मिळावा अशी मागणी तहसीलदाराकडे करतां येते. पूर्वापार वहिवाटीचा रस्ता कोणी अडविला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वयें अडथळा काढवितां येतो. परंतु अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज व्हावा लागतो. "आज ना उद्यां तो ऐकेल" या भरवंशावर हे सहा महिने दवडल्याचीं प्रकरणें प्रस्तुत लेखकाच्या टेबलावरून कितीतरी गेलीं. अर्जापूर्वीं गांव नकाशा काढावा, आणि आपल्या विदर्भांत निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज हीं जुनीं दप्तरें आहेत, तींहि पाहावींत. वहिवाटीची नोंद पुष्कळदां तेथें सांपडते. नोव्हेंबर २०२१ मध्यें शासनानें मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली व तीस रोजगार हमीच्या निधीची जोड दिली. मे २०२५ च्या निर्णयानें शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा व त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यांत व्हावी, असें ठरलें. ही नोंद करून घेणें हें पहिलें काम होय. धुरा सरकवून पांदण दोन मीटरांवर आणलेली असेल, तर सहा फूट रुंदीची गाडी घेऊन ती चालवावयाची तरी कोठें?

रस्ता करतांना केवळ मुरूम पसरून काम होत नाहीं. काळ्या मातीवर टाकलेला मुरूम दोन पावसाळ्यांत खालीं जातो. दोन्ही बाजूंस नाल्या काढून पाणी बाहेर घालविणें, मध्यभागीं उंची व कडेस उतार ठेवणें, खालीं दगडाचा थर देऊन मग मुरूम दाबणें, हा क्रम सोडूं नये. खारपाणपट्ट्यांत मुरूम जवळ मिळत नाहीं, दुरून आणावा लागतो. म्हणून तेथें नाल्यांचें महत्त्व दुप्पट आहे. नाली खणण्यास मुरूम लागत नाहीं, एकमत लागतें.

यावर कोणी म्हणेल कीं, रस्ता हें सरकारचें काम, त्यांत आम्हीं खिशांतले पैसे कां घालावे? सरकारनें तें करावें हें बरोबरच. परंतु मोजणी, अतिक्रमणाचा समजुतीनें निकाल व नाल्या हीं कामें गांवकऱ्यांच्या संमतीवांचून कोणतीहि योजना करूं शकत नाहीं. दुसरा म्हणेल कीं, दारांत गाडी असल्याशिवाय हल्लीं मुलाचें लग्न जमत नाहीं. हें दुःख खरें आहे व त्याची थट्टा करूं नये. पण त्यासाठीं साधी गाडीहि चालते, आणि मुलीचा बाप शहाणा असेल तर तो गाडीपेक्षां सातबाऱ्यावरील बोजा आधीं पाहील. तिसरा म्हणेल, गाडी माझ्या एकट्याची असते, पांदण सर्वांची. सर्वांच्या वस्तूंत मी कां पडूं? याचें उत्तर असें कीं, गाडीची किंमत ती दारांत आल्या दिवसापासून उतरते. रस्ता झालेल्या वावराची किंमत चढते. साधी कॅम्पर व फोर बाय फोर गुरखा यांच्या किंमतींत कांहीं लाखांचें अंतर आहे. एकाच पांदणीवरील तीन खातेदारांनीं एवढें अंतर वांचवून पांदणीसाठीं बाजूस काढलें, तर योजनेच्या निधीची वाट पाहत असतां निदान नाल्या व मोऱ्या तरी होऊन जातील.

सारांश, आमचा आग्रह गाडी घेऊं नये असा नाहीं. ज्याच्या वाटेंत दगड, चढ व नाले आहेत त्यानें फोर बाय फोर अवश्य घ्यावी. ज्याच्या पाठीवर ओझें आहे त्यानें ओझें वाहणारी घ्यावी. ज्याच्या वाटेंत निव्वळ काळी माती आहे त्यानें आधीं वाट करावी. आणि ज्यास कोणतीहि घ्यावयाची असेल त्यानें ती पाडव्याला पाहूं नये, पोळ्याला पाहावी. चैत्रांतल्या टणक जमिनीवर सर्वच गाड्या सारख्या धांवतात. पोळ्याच्या सुमारास, पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशीं, विक्रेत्यास गाडीसह आपल्या पांदणीच्या तोंडाशीं बोलवावें, शेजारच्या खातेदारांनाहि बोलवावें, आणि एक ट्रॅक्टर दोरासह तयार ठेवावा. गाडी पलीकडे गेली तर खरेदीचा विचार करावा. मध्येंच फसली, तर जमलेल्या मंडळींनीं तेथेंच बसून पांदणीच्या अर्जावर सह्या कराव्या, एवढीच विनंति आहे.